पत्त्यांची स्प्रिंग: बावन्न पत्ते, एका हातातून दुसऱ्या हातात

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे दुपारची जेवणं उरकली की ओटीवर सतरंजी पडायची आणि पत्ते निघायचे. मेंढीकोट, लॅडीस, पाच-तीन-दोन. मुलं फार झाली तर झब्बू. पिसायची पाळी आतोबांची आली की आम्ही डाव विसरून त्यांच्या हातांकडे बघत बसायचो. उजव्या हातातला कॅट जरासा वाकायचा, फर्रर्र आवाज व्हायचा आणि सगळे पत्ते एकामागोमाग हवेतून जाऊन डाव्या हातात बसायचे. एकही खाली पडायचा नाही. मला शिकवा म्हणून मी त्यांच्या मागे लागले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दाबू नकोस गं. सुटू दे."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. सुटू द्यायचं म्हणजे नक्की कोणत्या बोटाने काय करायचं, हे त्यांना शब्दांत मांडता येत नव्हतं. त्यांच्या हातांना ते ठाऊक होतं. ते शब्दांत मांडायचा प्रयत्न मी इथे करते आहे. जादूगार आणि कार्डिस्ट्री, म्हणजे पत्ते हातांत खेळवायच्या करामती, करणारी मुलं या प्रकाराला 'स्प्रिंग' म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

सगळं वर्णन उजव्या हाताने पत्ते सोडणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी उजव्याच्या जागी डावा वाचावा, बाकी काही बदलत नाही.

कॅट निवडताना

पहिली गोष्ट, घरातला खेळायचा कॅट घेऊ नका. मी आजीच्या रमीच्या पत्त्यांवर सराव केला होता. आठवड्याभरात सगळे पत्ते होडीसारखे वाकले, पिसताना अडकायला लागले आणि शेजारच्या काकूंबरोबर रंगलेला तिचा डाव बंद पडला. ती रागावली नाही. तिने नवीन कॅट काढला आणि जुना माझ्या हातात ठेवला. "हा आता तुझा," म्हणाली. तेव्हापासून सरावाचा कॅट वेगळा, हा नियम मी मोडलेला नाही. वाकलेला एखादा पत्ता पाठीवरूनही ओळखू येतो, त्यामुळे असा कॅट डावात परत घेणं बरोबरही नाही.

पत्ते कागदाचेच हवेत. पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते पाण्याने धुता येतात, वर्षानुवर्षं टिकतात, पण शिकताना त्रास देतात: फार गुळगुळीत असतात आणि सुटले की कुठल्या कुठे जातात. दुसऱ्या टोकाला अगदी पातळ, स्वस्त पुठ्ठ्याचे पत्ते असतात. दोन-तीन वेळा वाकवले की त्यांना घडी पडते, आणि घडी पडलेल्या पत्त्यात ताण राहत नाही. प्लॅस्टिकचा मुलामा दिलेला चांगला कागदी कॅट या दोन्हींच्या मधला. जगभर सरावासाठी ज्याचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं तो 'बायसिकल' कॅट अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात 1885 साली सुरू झाला. त्याच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात. हात फिरवला तर जेमतेम जाणवतात, पण त्यांच्यामुळे दोन पत्त्यांमध्ये हवा राहते आणि पत्ते एकमेकांवरून सहज सरकतात. तो मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर दुकानात दोन-तीन कॅट हातात घेऊन बघा. वरचा पत्ता अंगठ्याने हलकेच ढकलल्यावर एकटा सरकला पाहिजे, खालच्यांना ओढून नेता कामा नये.

माप दोन प्रकारचं असतं. पोकर मापाचा पत्ता साधारण 63 मिलिमीटर रुंद, ब्रिज मापाचा 57. आपल्याकडच्या दुकानांतले बरेचसे कॅट अरुंद, म्हणजे ब्रिज मापाचे असतात. लांबी दोन्हींची सारखीच, 88 मिलिमीटर. स्प्रिंगमध्ये हात ताणला जातो तो लांबीवर, म्हणून लहान हातांसाठी अरुंद कॅट घेऊन फारसा फरक पडत नाही.

जाता जाता एक सांगते. सावंतवाडीची गंजिफा पाहून एका मुलाने मला विचारलं होतं, यांची स्प्रिंग होईल का? होणार नाही, आणि करूही नये. ते पत्ते गोल असतात, हाताने रंगवून वर लाखेचा लेप दिलेला असतो, दशावतारी संचात तर 120 पत्ते. वाकवले की लेप तडकेल. ते आदराने हाताळायचे पत्ते आहेत. स्प्रिंग ही आयताकृती, लवचीक कागदी पत्त्याचीच करामत.

नवा कॅट मोकळा करा

डबीतून काढलेला कॅट एका ठोकळ्यासारखा असतो. दोन्ही हातांत दोन्ही टोकं धरून तो हलकेच वर आणि खाली, दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाकवा, दहा-पंधरा वेळा. मग नेहमीसारखा पाच-सहा वेळा पिसा. अंगठ्याने कडा फर्रकन सोडत दोन गठ्ठे एकमेकांत मिसळायची पद्धत येत असेल तर तशीच पिसा. दोन-तीन दिवस त्या कॅटने एकट्याने पत्ते मांडून खेळायचे डाव खेळलात तरी चालेल. हाताळलेला कॅट नव्यापेक्षा जास्त ऐकतो.

आधी पत्ते सांडायला शिका

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि तिथेच महिना वाया घालवतात.

उजव्या हातात कॅट वरून धरा. तळवा जमिनीकडे, अंगठा तुमच्याकडच्या आखूड कडेवर, मधलं बोट आणि अनामिका समोरच्या आखूड कडेवर. तर्जनी दुमडून तिचं नख कॅटच्या पाठीवर टेकवा. डावा हात पाच-सात सेंटिमीटर खाली, तळवा वर. आता तर्जनीने पाठीवर किंचित भार द्या आणि समोरच्या दोन बोटांची पकड हळूहळू सैल करा. पत्ते खालून एकेक सुटून डाव्या हातात पडायला लागतील. इथे फारसा बाक नाही, उडी नाही, नुसतं पडणं. जादूगार याला ड्रिबल म्हणतात.

सुरुवातीला पाच-पाच, सात-सात पत्त्यांचे गठ्ठे पडतील. पडू दे. लक्ष फक्त एका गोष्टीवर ठेवा: पत्ते बोटांच्या टोकांवरून सुटतायत की अंगठ्यावरून? ते बोटांवरून सुटायला हवेत. अंगठ्याने जागा सोडायची नाही. तो दाराच्या बिजागरीसारखा थांबलेला, आणि समोरचं टोक उघडणारं. कॅटची अंगठ्याकडची कड अंगठ्याच्या मांसल भागावर जरा आत धरली आणि समोरची कड बोटांच्या अगदी टोकांजवळ ठेवली, की हे आपोआप होतं.

बावन्न पत्ते दोन-तीन सेकंदांत सलग पडले, मध्ये कुठे थप्प असा आवाज आला नाही, की ही पायरी झाली. मला यासाठी चार दिवस लागले होते. शेजारच्या मुलाला मी शिकवलं तेव्हा त्याला एक संध्याकाळ पुरली.

पकड

स्प्रिंगची पकड वरच्यासारखीच, फक्त तर्जनी पाठीवरून काढून मधल्या बोटाच्या शेजारी समोरच्या कडेवर आणायची. तिथे तिने नुसतं टेकायचं, जोर द्यायचा नाही. करंगळी मोकळी.

अंगठा कडेच्या मधोमध ठेवावा की कोपऱ्याकडे? पहिले दोन दिवस मधोमध ठेवा, कॅट सरळ वाकतो आणि काय चाललंय ते कळतं. मग अंगठा डाव्या कोपऱ्याकडे आणि समोरची बोटं उजव्या कोपऱ्याकडे एका बोटाच्या रुंदीइतकी सरकवा. असं तिरपं धरल्याने बोटांच्या टोकांखाली कडेचा लहानसाच भाग येतो, पत्ते कमी अडतात आणि धार एकसारखी होते. माझा कौल तिरप्या पकडीलाच आहे. पण पूर्ण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाऊ नका. पोकर मापाच्या पत्त्याचा कर्ण जवळजवळ 108 मिलिमीटर भरतो, म्हणजे सरळ पकडीपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त ताण. मोठ्या पंजाच्या माणसाला तो जमतो, इतरांचा अंगठा दुखतो.

बाक

अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा. कॅट वाकेल. तो तळव्याच्या दिशेने वाकला पाहिजे, म्हणजे कॅटचा मधला भाग तळव्याकडे फुगलेला आणि दोन्ही टोकं खाली, पुलाच्या कमानीसारखा. उलटा वाकला तर टोकं वर वळतात आणि पत्ते सुटण्याऐवजी बोटांत रुततात. नवीन माणसाचा कॅट कधी इकडे वाकतो, कधी तिकडे. तसं होत असेल तर दाबण्याआधी डाव्या हाताच्या बोटाने कॅटच्या पोटाला वर थोडा टेका द्या, म्हणजे त्याला दिशा कळते.

किती वाकवायचं? मधला भाग टोकांपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर वर येईल इतकं पुष्कळ झालं. आणखी वाकवलात तर पत्त्यांना कायमचा पोक येतो आणि ते गोळीसारखे सुटतात.

सुटणं

आता आतोबांच्या वाक्याकडे. हे नीट समजून घेतलं तर बाकीचं अर्धं काम झालं.

एका पत्त्याची जाडी साधारण 0.3 मिलिमीटर. असे बावन्न मिळून दीड सेंटिमीटरच्या आसपास होतात. कुठलीही पट्टी जाडीने दुप्पट झाली की ती वाकवायला दुप्पट नाही, आठपट जोर लागतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. बावन्न पत्ते एकमेकांना चिकटवून एक फळी केली तर ती एका पत्त्याच्या 1,40,608 पट ताठ होईल. तरीही कॅट आपल्या बोटांत वाकतो, कारण त्यातला प्रत्येक पत्ता शेजाऱ्यावरून सरकत स्वतंत्रपणे वाकतो. म्हणून कॅटचा ताठपणा एका पत्त्याच्या जेमतेम बावन्न पट भरतो. थोडक्यात, कॅटचं हे सगळं मऊपण पत्ते एकमेकांवरून सरकतात म्हणून आहे.

आता तुम्ही दोन्ही टोकांना करकचून दाबलंत तर काय होतं? बोटांखाली पत्त्यांच्या कडा एकमेकींवर आवळल्या जातात. पाच-सहा पत्ते मिळून एक जाड पट्टी होते, ती अचानक सुटते आणि थप्पकन पडते. गठ्ठा पडला की आपल्याला वाटतं जोर कमी पडला, म्हणून आपण आणखी दाबतो आणि पुढचा गठ्ठा त्याहून मोठा पडतो. मी कितीतरी महिने हेच करत होते.

खरी क्रिया दोन भागांत आहे. पहिल्या भागात कॅट हळूहळू वाकवत न्यायचा, अगदी खालचा पत्ता सुटायच्या बेतात येईपर्यंत. ही सीमा बोटांना स्पष्ट जाणवते: टोकांखालचा पत्ता थरथरल्यासारखा वाटतो. तिथे थांबा. नुसतं तिथवर जाऊन परत या, एकही पत्ता न सोडता, वीस वेळा. कंटाळवाणं वाटेल, पण पुढे सगळं याच जाणिवेवर चालतं.

दुसऱ्या भागात त्या सीमेवर पोचल्यावर दाब तसाच ठेवायचा आणि समोरच्या बोटांची टोकं केसभर वर, तळव्याकडे घ्यायची. पहिला पत्ता सुटेल. टोकं तशीच अगदी सावकाश सरकत राहिली की दुसरा, तिसरा. बोटं उघडायची नसतात, कॅटच्या कडेवरून वर घासत न्यायची असतात. वहीची पानं अंगठ्याने फर्रकन सोडताना अंगठा कसा पानांच्या कडांवरून एका लयीत घसरत जातो, तसंच इथे बोटांच्या टोकांचं. शक्य असेल तर आत्ता एक जाड वही घ्या आणि तसं करून बघा. वही फर्रर्र वाजते तेव्हा तुम्ही अंगठ्याने दाबत नसता, मागे ओढत असता. तीच ओढ बोटांत आणायची आहे.

आणखी एक बारकावा आहे आणि तो मला फार उशिरा उमगला. पत्ते कमी होत जातात तसा कॅटचा ताठपणा त्याच प्रमाणात कमी होतो. सव्वीस पत्ते उरले की तेवढ्याच बाकासाठी निम्मा जोर पुरतो, तेरा उरले की पाव. पण हात सुरुवातीचाच जोर धरून बसतो. त्यामुळे शेवटचे दहा-बारा पत्ते जास्त वाकून एकदम उडतात. म्हणून मनात जोर धरू नका, बाक धरा. कमानीचा आकार पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा दिसला पाहिजे. तो सारखा ठेवायला लागलात की जोर आपसूक उतरत जातो.

सुरुवात तीस-पस्तीस पत्त्यांनी करा. पूर्ण कॅट नवख्या हाताला जड जातो. आणि दहा-पंधरा पत्त्यांवर सराव केलात तर बोटांना विरोधच जाणवत नाही, सगळे भसकन निघून जातात.

झेलणारा हात

लोकांचं सगळं लक्ष उजव्या हाताकडे असतं, पण पत्ते खाली पडतात ते बरेचदा डाव्या हातामुळे. तीर्थ घेताना तळवा खोलगट होतो तसा तो करायचा, फक्त बोटं थोडी फाकलेली आणि वर वळलेली. तर्जनी आणि मधलं बोट पुढच्या बाजूला भिंतीसारखी उभी, अंगठा डाव्या बाजूला, तळव्याचा मनगटाकडचा भाग मागे. पत्ता पुढे गेला तर बोटांना आदळून थांबतो.

हात सरळ कॅटच्या खाली धरू नका. समोरचं टोक आधी सुटत असल्यामुळे पत्ता खाली जाता जाता किंचित पुढेही जातो. म्हणून डावा हात बोटांच्या दिशेला दोन-तीन सेंटिमीटर पुढे हवा. नक्की किती, ते तुमच्या पत्त्यांवरून ठरेल. उजवा हात अजिबात न हलवता दहा वेळा पत्ते सोडा आणि ते कुठे पडतायत ते बघा. डावा हात तिथे न्या. पत्त्यांमागे हात नाचवायचा नाही, पत्ते जिथे येतात तिथे आधीच जाऊन बसायचं.

आणखी एक, दोन्ही हात पोटाजवळ ठेवा. रंगमंचावरचे कलाकारही तसंच करतात. मागे आलेला पत्ता अंगाला लागून हातात परत पडतो.

अंतर वाढवताना

पहिल्या आठवड्यात दोन हातांमध्ये सहा-सात सेंटिमीटर. एवढं कमी अंतर बघायला काही विशेष वाटत नाही, पण इथे धार सलग झाली नाही तर तीस सेंटिमीटरवर ती कधीच होणार नाही. सलग पाच वेळा एकही पत्ता न पडता जमलं की दोन सेंटिमीटर वाढवा. मग आणखी दोन. घाई केलीत आणि पडझड सुरू झाली तर लाज न बाळगता मागे या.

पंधरा सेंटिमीटरपर्यंत पोचल्यावर हात चालता ठेवायला शिका. सुरुवातीला हात जवळ, पहिले आठ-दहा पत्ते डाव्या हातात बसले की उजवा हात वर जाऊ लागतो, शेवटचे पत्ते सुटताना तो परत खाली येऊन डाव्या हाताला भेटतो. पहिले पत्ते जवळून पडल्यामुळे डाव्या हातात एक थर तयार होतो आणि पुढचे त्यावर बसतात. शेवटी हात जवळ आल्यामुळे हलके उरलेले पत्ते भरकटत नाहीत. आणि बघणाऱ्याला एखादी वस्तू ताणली जाऊन परत मिटल्यासारखी दिसते. स्प्रिंगचं सौंदर्य मला तरी या मिटण्यातच जास्त दिसतं.

दीड सेकंदात बावन्न पत्ते म्हणजे सेकंदाला जवळजवळ पस्तीस. डोळा इतके वेगळे पत्ते मोजू शकत नाही, म्हणून ती पट्टी वाटते. म्हणजे सलग दिसायला फार वेग लागत नाही, दोन पत्त्यांमधला वेळ सारखा असावा लागतो.

उभी स्प्रिंग पक्की झाल्यावर हात तिरपे करा, मग आडवे: उजवा उजवीकडे, डावा डावीकडे, तळवे समोरासमोर. आडव्या स्प्रिंगमध्ये पत्त्यांचं वजन मदतीला नसतं, सगळं काम बाकाच्या ताणावर चालतं, म्हणून अंतर पुन्हा निम्म्यावर आणून सुरुवात करा.

पडद्यावर किंवा जत्रेत कोणी हात पूर्ण फाकवून, छातीएवढ्या अंतरावर पत्ते खेळवताना दिसला तर मन खट्टू करून घेऊ नका. दोऱ्याने एकमेकांना जोडलेले खास कॅट असतात, आणि तसले प्रकार बरेचदा त्यांच्यावर केले जातात. सुटकेच्या खेळांनी जगाला माहीत झालेला हुडिनी सुरुवातीच्या काळात स्वतःची जाहिरात 'पत्त्यांचा राजा' अशी करत असे. साध्या, सुट्या पत्त्यांनीही पूर्वीपासून रंगमंच गाजवलेले आहेत. सुट्या पत्त्यांनी हातभर अंतर शांतपणे पार करणं ही मोठी गोष्ट आहे.

आवाज ऐका

बिघाड शोधायला डोळ्यांपेक्षा कान बरे. रोज दोन-तीन वेळा डोळे मिटून स्प्रिंग करा. सलग फर्रर्र आला तर सगळं ठीक. सुरुवातीलाच थप्प आला तर तुम्ही सीमेवर न थांबता एकदम दाबलंय, पहिला गठ्ठा त्यामुळे पडला. मध्येच आवाज अडखळला तर बोटं एका जागी थांबली, सरकायची राहिली. शेवटी भसकन आवाज आला तर जोर उतरवायचा राहिला.

पत्ते हवेत गरगर फिरत असतील तर अंगठा आणि बोटं एकाच वेळी सुटतायत. अंगठा थोडा आत घ्या. सगळे पत्ते डाव्या हाताच्या पलीकडे जात असतील तर बाक फार झालाय, किंवा डावा हात मागे राहिलाय. आधी बाक कमी करून बघा, हात नंतर हलवा. दोन्ही एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. काही पत्ते उजव्या हातातच अडकून राहत असतील तर बोटांची टोकं कडेवर फार खोल गेली आहेत. नखं वाढली असतील तर तीही अडवतात, कापून टाका.

हात आणि हवा

जेवल्यावर लगेच, तेलकट हातांनी पत्त्यांना हात लावू नका. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. उलट थंडीत कातडी फार कोरडी पडली तर कडा बोटांवरून लवकर निसटतात. तेव्हा हात धुऊन पाच मिनिटांनी बसलात तर बरं जमतं.

कोकणातला आणि मुंबईचा पावसाळा हा कागदी पत्त्यांचा खरा शत्रू. कागद ओल धरतो, पत्ते मऊ पडतात आणि एकमेकांना धरून राहतात. वर सांगितलेलं सरकणंच बंद होतं, मग तुमचा हात कितीही तयार असला तरी गठ्ठे पडतातच. जून ते सप्टेंबर कॅट झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. नव्या बुटांच्या खोक्यात येते ती चालते, फक्त लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पत्ते उन्हात वाळवू नका, वेडेवाकडे होतात. पत्त्यांना अंगाची पावडर लावायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटलेला नाही; पावडर काही वेळातच ओल धरते आणि पत्त्यांवर थर बसतो. जादूगार झिंक स्टिअरेट नावाची बारीक पूड वापरतात, पण ती श्वासात जाऊ देऊ नये, आणि शिकताना तिची गरजही नाही.

सराव कुठे आणि किती

पलंगावर मांडी घालून बसा आणि पुढ्यात गोधडी किंवा चादर कडा उंचावून पसरा. पडलेले पत्ते तिच्यातच राहतात. फरशीवर उभं राहून शिकणाऱ्याचा अर्धा वेळ कपाटाखालून पत्ते काढण्यात जातो आणि पत्त्यांचे कोपरे मोडतात ते वेगळंच.

एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं की लगेच थांबा. ते दुखणं बहुतेक वेळा जास्त दाबल्याचंच असतं. दुसऱ्या दिवशी पहिली दोन मिनिटं फक्त सांडण्याचा सराव करून मग स्प्रिंगकडे वळा. आठवडाभर काहीच फरक दिसणार नाही आणि मग एखाद्या सकाळी पहिल्याच प्रयत्नात तीस पत्ते सलग जातील. दुपारी परत जमणार नाही. हातांचं शिकणं असंच पुढे-मागे होत चालतं, त्यावरून आपल्याला येणार नाही असं ठरवू नका. करकचून दाबायची सवय सोडून नीट सराव सुरू केल्यावर मी आठव्या आठवड्यात पूर्ण कॅट वीतभर अंतरावरून पहिल्यांदा झेलला.

दर स्प्रिंगनंतर कॅट उलटा करा: एकदा पाठी वर, एकदा चित्रं वर. त्यामुळे एकाच बाजूचा पोक साठत नाही. तिरपी पकड वापरत असाल तर मधूनमधून कॅट अर्धा फिरवून दुसऱ्या टोकाने धरा. तरीही सरावाच्या शेवटी थोडा बाक राहतोच. तेव्हा दोन्ही हातांनी कॅट उलट दिशेला पाच-सहा वेळा हळू वाकवा, टेबलावर कडा ठोकून जुळवा, डबीत घाला आणि रात्रभर वर दोन जाड पुस्तकं ठेवा. सकाळी तो बराचसा सपाट झालेला असतो.